अकरावा खण

१

एल्बियो तेचेरा सकाळी साडेसातला कारखान्यात यायचा तो थर्मास काखेत मारून. टेबलाशी बसायचं, पेल्यात येर्बा मातेची पानं ठासायची, वरून गरम पाणी ओतायचं आणि पहिला कडू घोट घेता घेता कम्पायलर चालू करायचा, हा त्याचा एकोणीस वर्षांचा नेम. लिफ्ट चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवणारे कारखाने माँटेव्हिडिओत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला हेबेर सोसाचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लहान. एका बेकरीच्या माळ्यावर पाच माणसं, सहा टेबलं आणि छताला टेकलेली चाचणीची एक चौकट, एवढाच पसारा.

कार्डावरची चिप नखाएवढी. आपला प्रोग्राम आपणच तयार करण्याइतकी अक्कलही तिला नसते आणि जागाही. म्हणून स्वयंपाक करायचा तो मोठ्या यंत्रावर, आणि ताट नेऊन ठेवायचं चिपपुढे. माणसानं लिहिलेलं दळून चिपला पचेल असं पीठ काढतो तो कम्पायलर. त्याची पुढची बाजू सगळ्यांना सारखीच. मागची बाजू मात्र ज्या त्या चिपची वेगळी, आणि ती ज्याला लिहिता येते त्याचा तोरा विचारू नका. जुनी चिप बाजारातून बंद झाली होती. नव्या चिपसाठी मागची बाजू नव्यानं बसवायचं काम एल्बियो चार महिने करत होता, आणि या चार महिन्यांत त्याचा तोराही चांगलाच वाढला होता.

त्या सोमवारी दळण संपलं आणि पडद्यावर शेवटचा आकडा आला. तयार प्रोग्रामचा आकार. काही लोकांना आपला रक्तदाब पाठ असतो, तसा एल्बियोला शुक्रवारचा आकार पाठ होता. आज तो अठरा बाइटनी जास्त होता. मूळ लिखाणात एक अक्षर बदललेलं नव्हतं.

अठरा बाइट म्हणजे काहीच नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. कुठेतरी भर पडली असेल, मोकळी जागा सुटली असेल. पण हा माणूस पडला किडे काढणारा. त्यानं ते पीठ उकललं, एकेक आज्ञा वाचत शेवटापर्यंत गेला. शेवटी एक चिमुकला तुकडा बसलेला होता. प्रोग्राममधून त्याला कोणीच बोलावत नव्हतं. तो चिपच्या अकराव्या खणातली वस्तू काढून बाजूला जपून ठेवायचा आणि नंतर परत खणात घालायचा. बाकी काही नाही.

एल्बियोनं पेला खाली ठेवला तो याच्यामुळे नाही. यंत्राच्या आज्ञांनाही लिहिणाऱ्याचं वळण असतं. वस्तू परत खणात घालण्याआधी मध्ये एक रिकामी आज्ञा टाकायची, ज्यात चिपनं काहीच करायचं नाही, अशी सवय त्याला माहीत असलेल्या एकाच व्यक्तीला होती. एका बाइटसाठी जीव टाकणाऱ्या या धंद्यात ही चैन दुसऱ्या कोणी केलीच नसती. "तिला श्वास घेऊ दे की," असं ती हसून म्हणायची.

ती रिकामी आज्ञा तिथं होती. निबिया कुर्बेलोला जाऊन तीन वर्षं झाली होती. ही चिप बाजारात आली गेल्या वर्षी.

२

निबियाचं प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं.

चिपमध्ये सोळा खण असतात. हातातल्या कामाचे आकडे त्यांत ठेवायचे. काम चालू असताना मध्येच हाक येते, दार उघडलं, मजला आला, कोणी बटण दाबलं. हाक आली की चिप हातातलं टाकून धावते, पण धावण्याआधी खणांतलं सगळं बाजूला जपून ठेवते आणि परतल्यावर जिथल्या तिथं लावते. कुठले खण जपायचे याची यादी कम्पायलरच्या मागच्या बाजूत असते. ती यादी निबियानं केली होती. तसं तर जुन्या कम्पायलरची सगळी मागची बाजूच तिची होती.

आठ वर्षांपूर्वी एकदा प्रोग्राम चिपमध्ये मावेना. थोडेच बाइट जास्त होत होते. निबिया दाढ काढायला गेली होती आणि हेबेर घाई करत होता. एल्बियोनं यादीतून अकरावा खण काढून टाकला आणि शेजारी टीप लिहिली, "हा खण कोणी वापरत नाही." प्रोग्राम मावला. तो खण वापरला जात होता, फक्त एका गुणाकारात, तोही क्वचित.

त्या चिपसाठी दळण करू शकेल असं यंत्र कारखान्यात एकच होतं, निबियाचं. परवान्याची किल्ली त्यालाच खोचलेली. ज्याला दळायचं असेल त्यानं निबियाच्या खुर्चीत बसायचं, नाव बदलण्याचे कष्ट कोणी घ्यायचे नाहीत, आणि यंत्रानं सगळं निबियाच्या नावावर टिपायचं, अशी तिथली रीत. आळशी रीत होती, पण तोवर तिचं कोणाला काही खुपलं नव्हतं.

सात महिन्यांनी पोसितोसमधल्या एका इमारतीत नेमकी त्या गुणाकाराच्या मध्ये हाक आली. दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली. अन्सेल्मो बेंतान्कोर नावाचा म्हातारा रखवालदार तेव्हा एक पाय आत टाकत होता. पुढचं सांगायची गरज नाही.

चौकशीत नोंद निघाली, नोंदीवर नाव निघालं. निबियानं ती टीप वाचली, मान वर केली आणि सगळ्यांसमोर हळू आवाजात विचारलं, "एल्बियो, तू होतास का?"

"नाही," एल्बियो म्हणाला.

उद्या सांगू, असं त्यानं तेव्हा ठरवलं होतं. ते उद्या सात वर्षं चाललं होतं.

निबियाची नोकरी गेली. दोन वर्षं खटला चालला, आणि सुटली तरी तिला कोणी दारात उभं करेना. ती पुन्हा कधी लिफ्टमध्ये चढली नाही. राहायला सहाव्या मजल्यावर. पिशव्या घेऊन जिना चढायची, दर मजल्याला टेकायची. एके दिवशी चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये टेकली ती उठलीच नाही.

३

मंगळवारी एल्बियोनं तो तुकडा खोडला, कम्पायलर झाडूनपुसून घेतला आणि पुन्हा दळलं. आता छत्तीस बाइट जास्त आले. एकाच्या जागी दोन तुकडे, दोन्हींत रिकामी आज्ञा.

मग त्याला एकदम हायसं वाटलं. उलगडा झाला होता. नवा कम्पायलर त्यानं जुन्याच कम्पायलरनं तयार केला होता, आणि जुना निबियाचा. जाता जाता बाईनं त्यात काहीतरी पेरून ठेवलं असणार, जे एका कम्पायलरमधून दुसऱ्यात आपोआप उतरतं. असं करता येतं, या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जिवंतपणी उगवलेला सूड त्याला समजत होता. निबियाबद्दल त्याला चक्क आदर वाटला आणि त्यानं बिस्कोचोचा एक तुकडा तोंडात टाकला.

पण तिला नव्या चिपची भाषा कोणी शिकवली? हा प्रश्न त्यानं बिस्कोचोबरोबर गिळला.

दुपारी तो विद्यापीठात गेला आणि एका जुन्या ओळखीच्या मास्तरांकडून कोरं यंत्र मागून घेतलं, ज्यानं निबियाचं काही कधी पाहिलं नव्हतं. कम्पायलर बाहेरून नवाकोरा उतरवला. मागची बाजू, त्यानं स्वतः लिहिलेली, ओळ न् ओळ हातानं घातली. यात चार तास गेले. दळण झालं. जास्तीचे बाइट चोपन्न.

हे हेबेरला सांगायला हवं होतं. हेबेर ऐकून घेणारा माणूस होता. पण सांगायचं म्हणजे अकरावा खण सांगायचा, आणि अकरावा खण म्हटलं की ती जुनी यादी आलीच. शिवाय घरी सुल्मा होती. एल्बियोच्या बायकोचं खुब्याचं हाड बदललेलं, आणि त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टचं कार्ड जळून चोवीस दिवस झालेले. आठव्या मजल्यावरून ती खाली उतरलेली नव्हती. शुक्रवारी सकाळी तिला दवाखान्यात न्यायचंच होतं, टाके चिघळत होते. जुनं कार्ड कुठे मिळत नव्हतं. पहिलं नवं कार्ड तिथंच बसणार, असा शब्द एल्बियोनंच इमारतीतल्या सगळ्यांना छाती फुगवून दिला होता.

४

बुधवारी कार्ड चाचणीच्या चौकटीवर चढवलं. चौकटीत आठ मजल्यांचे आठ दिवे, एक मोटर आणि दारासाठी टकटकणारा रिले. दार्दो पिंतोस, गावभर लिफ्टी बसवत हिंडणारा त्यांचा गडी, शेजारी उभा होता.

"तुझ्या कार्डाची वाट बघता बघता वहिनींनी वर बाग लावली असेल," दार्दो म्हणाला. "टोमॅटो आले का रे?"

एल्बियो हसला नाही. कार्ड चारशे वेळा वर-खाली फिरलं. एकही चूक नाही. दिवे बिनबोभाट लागत होते, दार वेळच्या वेळी उघडत होतं. दार्दोनं मान डोलावली आणि जेवायला गेला.

चिप चालू असताना तिच्या खणांत डोकावायची एक तार असते. एल्बियोनं ती जोडली आणि अकराव्या खणात पाहिलं. नव्या प्रोग्राममध्ये हा खण खरोखरच कोणी वापरत नव्हतं, त्यानं दोनदा तपासलं होतं. तिथं शून्य असायला हवं होतं.

तिथं एक होता. मग दोन. जरा थांबून तीन.

मोटर बंद होती. माळ्यावर कोणी नव्हतं. खाली बेकरीत पावांचे पत्रे ओढल्याचा आवाज येत होता. आकडा सावकाश वाढत होता, पण घड्याळासारखा नाही. मध्येच रेंगाळत, मध्येच दोन पटापट. सतराला तो थांबला. मिनिटभर तसाच. मग अठरा. चौतीसला पुन्हा थांबला, आधीपेक्षा जास्त वेळ. एल्बियोच्या लक्षात आलं की आपण श्वास त्या आकड्याबरोबर घेतोय, आणि त्याला दम लागला होता.

एकावन्नला थांबला, अडुसष्टला थांबला. शहात्तरला येऊन थांबला तो पुढे गेलाच नाही.

रिले टकटकला. दारासाठीची आज्ञा कोणी दिलेली नव्हती.

संध्याकाळी घरी जाताना एल्बियोनं आपल्या इमारतीचा जिना मोजला. दर मजल्याला सतरा पायऱ्या. चौथ्या मजल्याला अडुसष्ट झाल्या. पुढच्या सात तो भराभर चढला, आणि शहात्तरावीवर पाय न टेकता ओलांडून वर गेला.

५

सुल्मा खिडकीशी बसून खालचा रस्ता बघत होती. पंचवीस दिवस तोच रस्ता बघून तिला त्याचा वीट आला होता, पण कुरकुर तिच्या स्वभावात नव्हती. तिनं विचारलं, कार्ड झालं का. झालं, असं तो म्हणाला.

जेवताना त्याचं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. खटला चालू होता तेव्हा निबिया एकदा या दारात आली होती. लिफ्ट सोडून आठ मजले चढून. सुल्मानं दार उघडलं आणि मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात उभ्या एल्बियोनं हातानं खूण केली, नको म्हणून. सुल्मा भली बाई, तिला खोटं बोलता येत नसे. तिनं एवढंच म्हटलं की तो तुम्हाला भेटणार नाही, तुमच्यामुळे एक माणूस गेला आहे. आणि दार लावलं. त्यानंतर बराच वेळ जिन्यात कोणी उतरल्याचा आवाज आला नव्हता.

आता तोंड उघडलं असतं तर कार्ड थांबलं असतं. हेबेरनं सगळं तपासायला घेतलं असतं, जुनं आणि नवं. सुल्माला चार माणसांनी खुर्चीत बसवून उतरवलं असतं. दार्दोनं तर कालच तसं सुचवलं होतं. मार्ग होता. पण त्या मार्गावर एल्बियोचं नाव पडलेलं होतं आणि ते उचलायची त्याची तयारी नव्हती. चारशे फेऱ्या बिनचूक झाल्या, असं त्यानं मनाशी म्हटलं. एक खण नुसता उघडतो आणि मिटतो, त्यानं कोणाचं काय बिघडणार? आठ वर्षांपूर्वीही तो हेच म्हणाला होता, याच आवाजात, आणि याची त्याला पुरती जाणीव होती. सांगणाऱ्याला अशा माणसाची दया येत नाही.

गुरुवारी दार्दोनं कार्ड बसवलं.

६

शुक्रवारी सकाळी आठला दार्दो गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत होता. हेबेर स्वतः गाडी घेऊन आला होता आणि खाली दारापाशी इमारतीतल्या चारपाच जणांबरोबर उभा होता. पहिलं कार्ड म्हणून सगळे कौतुकानं जमलेले. ती लिफ्ट जुन्या पद्धतीची. लोखंडी जाळीची विहीर, तिच्याभोवती वळत जाणारा जिना, आत लाकडी पेटी आणि पेटीच्या दाराला धुरकट काचेची उभी पट्टी.

एल्बियोनं सुल्माला काठीसकट आत उभं केलं. स्वतःही आत जायला पाऊल उचललं, आणि ते पाऊल पुढे पडेना.

"मी जिन्यानं येतो," तो म्हणाला. "पहिली फेरी आहे, बाहेरून आवाज ऐकायला हवा."

सुल्मानं बरं म्हटलं. दार लागलं. पेटी खाली निघाली आणि एल्बियो जाळीला हात लावत तिच्याबरोबर पायऱ्या उतरू लागला. सातवा. सहावा. मोटर मऊ चालत होती. पाचवा मजला गेला आणि पेटी थांबली.

तोही थांबला. आपण कितव्या पायरीवर आहोत हे त्याला मोजायची गरज नव्हती.

जाळीपलीकडे हातभर अंतरावर ती धुरकट काच होती. काचेआड सुल्मा उभी असलेली दिसली, काठीवर भार देऊन. तिच्या शेजारी आणखी कोणी होतं. सुल्मापेक्षा बुटकं, खांदा एका बाजूला उतरलेला, जड पिशवी धरणाऱ्याचा उतरतो तसा. ते माणूस दमलेलं होतं. काच आतून एका जागी धूसर होत होती, पुन्हा साफ होत होती.

"एल्बियो," सुल्माचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. "इथं एक बाई आहेत. त्या विचारतायत, तू होतास का. काय सांगू त्यांना?"

नाही हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. सात वर्षं तो तिथंच होता. त्यानं तोंड उघडलं. काचेवर आतून हात टेकला, आणि तो हात सुल्माचा नव्हता, कारण तिचे दोन्ही हात काठीवर होते. हात दाराच्या फटीकडे सरकू लागला, सावकाश. दार जरा हललं. खाली साडेचार मजल्यांची विहीर होती आणि सुल्मा दाराला टेकून उभी होती.

"हो," एल्बियो ओरडला. "मीच होतो, निबिया. अकरावा खण यादीतून मी काढला. तुझ्या खुर्चीत बसून मी काढला. अन्सेल्मोला मी मारलं. तिला सोड, तिला यातलं काही माहीत नाही."

लिफ्टच्या विहिरीत शब्द पडला की वरही जातो आणि खालीही जातो. तळातली कुजबुज थांबली. पेटी हलली आणि अलगद खाली गेली.

तो धावत उतरला. गुडघा जाळीवर आपटला तेही त्याला कळलं नाही. खाली दार उघडलेलं होतं आणि सुल्मा हेबेरचा हात धरून बाहेर येत होती. पेटी रिकामी होती.

"लागलं का तुला?" तो म्हणाला. "मध्ये थांबली तेव्हा..."

"थांबली कुठं?" सुल्मा म्हणाली. "मी सरळ खाली आले."

दार्दोही धापा टाकत उतरला. मोटर एकदाही थांबली नव्हती, तो तिच्याकडेच बघत होता, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं एल्बियोकडे बघायचं टाळलं. पेटीत कोणी काही बोललं का, असं एल्बियोनं विचारलं. सुल्मानं मान हलवली. तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. एकच आवाज तिनं ऐकला होता, त्याचा.

हेबेरनं टोपी काढून हातात घेतली. "तू आत्ता जे म्हणालास," तो म्हणाला, "ते दुपारी मला कागदावर लिहून दे. निबियाची बहीण पायसांदूला असते. तिला मी पाठवीन, आणि अन्सेल्मोच्या घरी मी स्वतः जाईन."

एल्बियोनं मान डोलावली. तो सुल्माकडे बघत होता. ती विचार करत होती, आणि विचार करताना तिचा चेहरा म्हातारा होत चालला होता.

"ती आठ मजले चढून आली होती," सुल्मा म्हणाली. "तिला दम लागला होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तू आत उभं राहून खूण केलीस आणि मी तिला तिच्या तोंडावर खुनी म्हटलं."

"सुल्मा," तो म्हणाला आणि तिला आधार द्यायला पुढे झाला.

तिनं काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, तो उभा होता त्या बाजूला. मग दुसरा हात दार्दोपुढे केला, आणि दार्दो तिला एकेक पाऊल टाकत गाडीकडे घेऊन गेला.